हवेची वाट आणि इंजिनाची ताकद

पेट्रोल इंजिनाची ताकद इंधनावर ठरते असा सर्वसाधारण समज असला, तरी तिला खरी मर्यादा पडते ती हवेची. कारण 1 किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते, आणि जादा पेट्रोल फवारणे जितके सोपे तितकेच जादा हवा सिलिंडरात भरणे अवघड असते. 1200 सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असताना, सिलिंडर पूर्ण भरतात असे धरल्यास, सेकंदाला 60 लिटर हवा ओढते. ही हवा एअर फिल्टर आणि त्याचा डबा यांतून जाताना तिचा दाब काहीसा उतरतो. तो उतार कमी केल्यास ताकद वाढते, हे उघडे शंकूच्या आकाराचे फिल्टर विकणाऱ्यांचे म्हणणे तत्त्वतः खरे आहे. प्रश्न आहे तो किती वाढते याचा, आणि तो फिल्टर विकत घेण्यापूर्वीच सोडवता येतो.

त्यासाठी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली पारदर्शक नळी अर्धी पाण्याने भरून तिचे एक टोक फिल्टर आणि थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी हवेची झडप, यांच्यामधल्या पाइपला जोडतात, दुसरे मोकळे ठेवतात, आणि ताकद मोजणाऱ्या डायनो यंत्रावर गाडी पूर्ण थ्रॉटलने चालवून पाण्याच्या दोन पातळ्यांतील अंतर पाहतात. वातावरणाचा दाब सुमारे 10 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असल्याने 10 सेंटिमीटरचे अंतर म्हणजे जेमतेम 1 टक्का होय. अंतर 20 सेंटिमीटर भरले, तर फिल्टर अजिबात काढून टाकला तरी 80 अश्वशक्तीच्या इंजिनाला दीड-दोन अश्वशक्तीपलीकडे फारसे काही मिळणार नाही. रोजच्या वापरात तर थ्रॉटल अर्धवटच उघडा असतो, आणि तेव्हा हवेला अडवते ती ही झडपच.

याउलट उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढू लागला, तर तोटा मोठा होतो. 35 अंशांऐवजी 65 अंश सेल्सिअसची हवा आत गेली, तर तिची घनता सुमारे 9 टक्क्यांनी घटते. गाडी वेगात असताना हा फरक कमी होतो, पण घाटात रखडणाऱ्या वाहतुकीत तो टिकून राहतो. मूळ डबा बाहेरची थंड हवा घेतो आणि तिचा आवाजही दाबतो, म्हणून तो काढल्यावर येणारी घरघर पुष्कळांना वाढलेली ताकद वाटते. धुळीचा धोका तर याहून गंभीर आहे, कारण तिच्यातील वाळूचे कण पिस्टन रिंगा आणि सिलिंडर घासून काढतात, आणि ती झीज भरून येत नाही.

कॅमशाफ्ट बदलून किंवा टर्बोचार्जर बसवून इंजिनाची हवेची भूकच वाढवली असेल आणि नळीतले अंतर त्यामुळे बरेच मोठे दिसत असेल, तर मात्र बाहेरून थंड हवा घेणारा मोठा, बंद डबा बसवणे आणि त्याला जुळेल असे इंधनाचे प्रमाण नव्याने लावून घेणे हा खर्च सार्थकी लागतो.