पत्ता म्हणजे ओळख नव्हे

(हैदराबाद येथील मराठी भाषक नागरिकांपुढे एका प्रसिद्धी अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कला शाखेचा पदवीधर. संगणकाशी माझा संबंध शासकीय योजनांची माहिती लोकांपर्यंत पोचविण्यापुरताच. तरीही आजचा विषय मी आग्रहाने मागून घेतला, कारण त्याची झळ माझ्याच घरच्या माणसांना लागली.

माझी भाची नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. शिष्यवृत्तीचा अर्ज संकेतस्थळावर भरावयाचा होता आणि तिच्यापाशी ई-मेल नव्हता. गावातल्या केंद्रचालकाने आपल्याच ई-मेलवर तिचे खाते उघडून दिले. पुढल्या वर्षी केंद्र बंद झाले, चालक पोटापाण्यासाठी अन्यत्र गेला आणि मुलगी पासवर्ड विसरली. नवा पासवर्ड मागितला की पत्र जाई ते त्या गृहस्थाच्या पेटीत. अर्ज तिचा, गुण तिचे, बँकेचा खातेक्रमांकही तिचाच. परंतु संकेतस्थळाच्या लेखी खात्याचा धनी केंद्रचालक! मुदत टळली आणि त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली. त्या गृहस्थाने कसलीही लबाडी केली नव्हती, हे मी मुद्दाम नमूद करतो. लबाडी करावयाची असती, तर त्याला कोणतेही कुलूप फोडावे लागले नसते.

आपल्या या शहराला टपालाची थोरवी नव्याने सांगावयास नको. निजामाच्या संस्थानाचे टपालखाते स्वतंत्र होते आणि १८६९ पासून त्याची स्वतःची तिकिटे निघत असत. रजिस्टर पत्र पोस्टमन सही घेऊनच हाती देई. साधे कार्ड मात्र दारात जो भेटेल त्याच्या हाती पडे. (ती रजिस्टर टपालाची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली.) ई-मेल या दृष्टीने साध्या कार्डासारखाच आहे. पेटी ज्याच्या ताब्यात, पत्र त्याचे. असे असता, ई-मेलवर आलेला दुवा दाबला किंवा सांकेतिक क्रमांक भरला, एवढ्यावरच असंख्य संकेतस्थळे माणसाची ओळख पटली असे मानतात.

तो सांकेतिक क्रमांक बहुधा सहा आकडी असतो. सहा आकड्यांचे क्रमांक होतात दहा लाख. माणसाला ते अशक्य वाटतात. यंत्राला वाटत नाहीत. चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा घालणे हाच त्यावर उपाय. २०१६ मध्ये आनंद प्रकाश या भारतीय संशोधकाच्या लक्षात आले की, फेसबुकच्या मुख्य संकेतस्थळावर ही मर्यादा आहे, परंतु चाचणीसाठी ठेवलेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीवर ती नाही. समोरच्या दाराला भक्कम कुलूप आणि परसदार सताड उघडे! त्याने दोष कंपनीला कळविला व त्याबद्दल त्याला पंधरा हजार डॉलरचे पारितोषिक मिळाले.

याहून सूक्ष्म असा एक दोष जून २०२३ मध्ये उजेडात आला. ज्या मायक्रोसॉफ्टचे विकासकेंद्र हैदराबादेत १९९८ पासून आहे, तिच्या खात्याने अन्य संकेतस्थळांवर प्रवेश करण्याची सोय असते. डिस्कोप या संस्थेने दाखवून दिले की, संस्थांसाठी असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या नोंदवहीत व्यवस्थापक आपल्या सदस्याच्या नावापुढे कोणताही ई-मेल लिहू शकत होता. तो खरोखर त्याचाच आहे, याची पडताळणी होत नव्हती. जी संकेतस्थळे केवळ त्या ई-मेलवरून माणूस ओळखत, तेथे परक्याचे खाते अलगद उघडे. एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाने ‘हे गृहस्थ अमुक बंगल्याचे मालक’ असे आपल्या कागदावर लिहून द्यावे आणि बंगल्याच्या पहारेकऱ्याने तेवढ्यावर फाटक उघडावे, तसा हा प्रकार. ई-मेलवर ओळख विसंबून ठेवू नका, असे कंपनीच्या सूचनापत्रात होते. सूचनापत्रे कोण वाचतो, हे प्रसिद्धी खात्यातल्या माणसाने काय सांगावे!

शिवाय पत्ता कायम एकाचाच राहतो असेही नाही. २०१३ मध्ये याहूने वर्षभर न वापरलेले पत्ते नव्या लोकांना दिले, तेव्हा जुन्या धन्यांची खाजगी पत्रे नव्यांच्या पेटीत येऊ लागली.

यास्तव संकेतस्थळे उभारणाऱ्या आपल्या विभागांना माझी विनंती आहे की, प्रत्येक खात्याला स्वतःचा न बदलणारा क्रमांक असावा आणि ई-मेल केवळ संपर्कासाठी असावा. तो बदलला की जुन्या पत्त्यावरही सूचना जावी. दुवा एकदाच चालावा व काही मिनिटांतच निरुपयोगी व्हावा. आणि ज्याची पेटीच हरवली, त्याला कागदपत्रे घेऊन प्रत्यक्ष भेटता येईल असा एक तरी माणूस कार्यालयात असावा. ही शेवटची गोष्ट तंत्रज्ञ विसरतात.

आपण नागरिकांनी ई-मेल स्वतःचाच ठेवावा, त्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी जोडावी आणि सांकेतिक क्रमांक कोणालाही, अगदी ‘कार्यालयातून बोलतो’ म्हणणाऱ्यालाही, सांगू नये. फसवणुकीत पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

भाचीचे खाते सात महिन्यांच्या खेपांनंतर तिच्या नावावर झाले. आता तिचा ई-मेल तिचा स्वतःचा आहे. त्याचा पासवर्ड माझ्या बहिणीच्या किराण्याच्या वहीत, शेवटच्या पानावर, लिहून ठेवलेला आहे. मी त्याला हरकत घेतलेली नाही. ती वही बहिणीच्या पेटीत असते आणि त्या पेटीची किल्ली तिच्या कमरेला.