कशासाठी, ते आधी बोला
(युवक शिबिरात केलेलं भाषण)

दोस्तांनो,

मी गोदीत बोजा उचलणारा माणूस. मॅट्रिक झालो, पुढं कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. कविता लिहितो, पण आज वाचणार नाही. शिबिरवाल्यांनी विषय दिलाय, 'संघटनेत बदल कसा घडवावा'. मी म्हणतो, कसा ते नंतर बघू. आधी कशासाठी ते बोला.

कारण बदल हा शब्द लई स्वस्त झालाय. मालकालाही बदल पाहिजेच असतो. गोदीत कंटेनर आला, तो बदलच होता. पूर्वी टोळ्याच्या टोळ्या गोणी वाहायच्या, आता क्रेन एक पोलादी पेटी उचलते. १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, माल तिकडं वळला. बदल झाला. कुणासाठी झाला, ते पगाराच्या पावतीवर वाचा. आमच्यासारख्या कंत्राटी पोरांना पावतीच मिळत नाही, ती गोष्ट अलाहिदा.

आता आपल्या बापजाद्यांची गोष्ट. १९२८ सालचा मुंबईचा गिरणी संप. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. लाल बावटा, कामगारांची एकजूट, सगळं होतं. पण त्याच गिरण्यांत विणकामाच्या खात्यात अस्पृश्याला शिरकाव नव्हता. धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागायचं, आणि महाराच्या तोंडाचा धोटा मराठ्याच्या तोंडाला चालत नव्हता. पगार जास्त तो त्याच खात्यात. म्हणजे विटाळही पाळला आणि पैसाही राखला. बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना रोखठोक विचारलं, की आमच्या माणसांना सगळी खाती खुली करा ही मागणी तुमच्या यादीत आहे का? पुढाऱ्यांनी ती नाइलाजानं घातली. पुढं मालकांनी उलट ऐकवलं की ह्या अन्यायाला आम्ही जबाबदार नाही. मालक काही धुतल्या तांदळाचे नव्हते. पण त्यांना ते बोलायला फट कुणी ठेवली? ज्या संघटनेला आपला हेतू पुरता माहीत नसतो, तिच्या फटीत दुश्मन बोट घालतो.

दुसरी गोष्ट महाडची. ही सगळ्यांना पाठ आहे, पण तिची एक बाजू आपण विसरतो. मार्च १९२७ ला आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. त्यानंतर मार खाल्ला, डोकी फुटली. डिसेंबरात हजारो लोक पुन्हा जमले, सत्याग्रह करायचाच म्हणून. तर समोर कोर्टाचा मनाई हुकूम. पोरं पेटलेली. अशा वेळी पुढाऱ्याला टाळ्या हव्या असत्या तर त्यानं तळ्याकडं बोट दाखवलं असतं. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करायला लावला. का? घाबरले? ज्यांनी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, ते घाबरले म्हणायची कुणाची छाती आहे? हेतू ओंजळभर पाण्याचा नव्हताच. ते पाणी प्यालो नाही म्हणून आपण मरणार नव्हतो. हेतू होता माणूस म्हणून बरोबरीचा. तो पक्का होता म्हणून एक दिवस मागं सरता आलं, आणि दहा वर्षं कोर्टात झुंजता आलं. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागला. हेतू पक्का असला की माघारसुद्धा डावच असतो. हेतू नसला की चढाईसुद्धा नुसती पळापळ.

तिसरी गोष्ट घरातली. पँथर १९७२ ला जन्मली, जाहीरनामा आला १९७३ ला. माणसं आधी जमली, कशासाठी ते मागनं कागदावर आलं. आणि त्याच कागदावरून, फुले-आंबेडकर-बुद्ध की मार्क्स, ह्या वादात १९७४ ला फूट पडली. ती माणसं वाघच होती, त्यांनी वस्त्यांना मान ताठ करायला शिकवलं. म्हणूनच त्यांचा हिशोब आपण नीट वाचला पाहिजे.

आता आज. आमच्या पाळीतली पोरं म्हणतात, युनियनमधल्या म्हाताऱ्यांना हाकला. मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, कशासाठी? एक म्हणाला, ते विकले गेलेत. दुसरा म्हणाला, कमिटीवर आपली माणसं पाहिजेत. तिसरा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "माझ्या पायावर पेटी पडली तर घरी पगार कोण नेऊन देणार, तेवढं बघा." तिघांची घोषणा एकच, पण पोटातलं तीन जागी. अशी फौज घेऊन निघालात तर पहिल्या नाक्यावर फुटणार.

आम्ही तिसऱ्याचं धरलं. कंत्राटी माणूस जखमी झाला तर त्याचा पगार आणि औषधपाणी बुडता कामा नये. बस्, एक ओळ. ओळ ठरली आणि पुढचं दिसायला लागलं. त्यासाठी कंत्राटी कामगाराला युनियनचं सभासदत्व पाहिजे. ते देणं न देणं सर्वसाधारण सभेच्या हातात. सभेत बहुमत कायम कामगारांचं, म्हणजे त्यांना शिव्या घालून भागणार नाही, त्यांच्या दारात जावं लागेल. आणि ज्या म्हाताऱ्यांना हाकलायचं होतं, त्यातल्याच एकाला अपघाताचा अर्ज कसा लिहायचा ते ठाऊक निघालं. तो आता आमच्याबरोबर बसतो. पुढच्या सभेत ठराव मांडणार आहोत. पडेल की पास होईल, सांगता येत नाही. पण कशासाठी उभे आहोत, ते आमच्यातल्या प्रत्येकाला सांगता येतं.

तुम्हीही परत जाऊन मंडळं बदलणार, कमिट्या पाडणार. जरूर पाडा. पण त्याआधी तीन सवाल स्वतःला टाका. तुमचा हेतू तुमच्या आईला एका वाक्यात कळतो का? कळत नसेल तर तो अजून तुम्हालाच कळलेला नाही. त्यानं कुणाचं काही जातं का? कुणाचंच काही जात नसेल तर तो हेतू नव्हे, दिवाळीची शुभेच्छा आहे. आणि फळ्यावर तुमचं नाव आलं नाही तरी हे काम कराल का? ह्या सवालावर बरेच जण गळतील. गळू द्या, आता गळालेले बरे.

जाता जाता एक. समतेसाठी संघटना म्हणता, आणि मघापासनं चहा बहिणीच आणतायत. त्या ह्या सतरंजीवर का नाहीत? बदल करायला निघालात ना, मग कपबश्या उचला.

जय भीम.