इतिहासाचे नव्वद दिवस

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शालेय वर्ष साधारणपणे १८० दिवसांचे असते व त्याची दोन सत्रे पडतात. एका सत्राच्या वाट्यास सुमारे ९० दिवस येतात. माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गात अमेरिकन इतिहासाचा जो प्रगत अभ्यासक्रम शिकविला जातो, त्याच्या शिक्षकाला या ९० दिवसांत जवळजवळ चार शतके बसवावयाची असतात. सुट्टीच्या अखेरीस कोऱ्या कागदावर आखलेले ते वेळापत्रक वरकरणी कारकुनी काम वाटते. परंतु कोणत्या घटनेला सहा दिवस आणि कोणत्या घटनेला एक, हे ठरविताना शिक्षक इतिहासाविषयीच निकाल देत असतो. गमतीची गोष्ट अशी की, पुष्कळदा तो निकाल शिक्षक देतच नाही. नाताळची सुट्टी देते.

हा अभ्यासक्रम ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या नावाने ओळखला जातो. कॉलेज बोर्ड ही संस्था तो चालविते आणि त्याच्या पहिल्या परीक्षा १९५६ साली झाल्या. शाळेत असतानाच महाविद्यालयाच्या तोडीचा अभ्यास करावा, मे महिन्यात परीक्षा द्यावी, आणि १ ते ५ या श्रेणींपैकी वरची श्रेणी मिळाल्यास पुढे पुष्कळ महाविद्यालयांत त्या विषयाच्या प्राथमिक अभ्यासातून सूट मिळवावी, अशी ही योजना आहे. परीक्षा सव्वातीन तासांची असते. तीत ५५ बहुपर्यायी प्रश्न, काही लघुत्तरी प्रश्न व एक निबंध असतो. पण तिचे खरे वैशिष्ट्य म्हणजे १९७३ पासून चालत आलेला साधनाधिष्ठित प्रश्न. विद्यार्थ्यापुढे सात साधने ठेवतात. एखादे पत्र, एखादा कायदा, एखादे व्यंगचित्र. त्यांची उलटतपासणी करून तासाभरात त्याने आपला युक्तिवाद मांडावयाचा. एकूण गुणांपैकी २५ टक्के गुण या एकाच प्रश्नाला आहेत. घोकंपट्टीचा येथे फारसा उपयोग होत नाही.

इतिहासाचे नऊ कालखंड पाडले आहेत. आरंभ १४९१ सालापासून, म्हणजे कोलंबस पोहोचण्याच्या आदल्या वर्षापासून होतो. त्यापूर्वीही त्या भूमीवर माणसे नांदत होती, हे तो एक आकडाच सांगून जातो. २०१४ साली या आराखड्याची फेररचना झाली, तेव्हा तो देशाचे दोषच दाखवितो असा आक्षेप घेण्यात आला. कोलोराडो राज्यातील जेफरसन परगण्यात शाळामंडळाने देशभक्तीला पोषक अशी छाननी सुचविताच विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. २०१५ मध्ये आराखडा पुन्हा दुरुस्त झाला. छापील शब्दांसाठी एवढे रण माजले. मात्र वेळापत्रकाच्या काट्यावर जो इतिहास मुकाट्याने गळून पडतो, त्याच्यासाठी कोणी रस्त्यावर येत नाही.

तो कसा गळतो, हे हिशेब मांडल्यावाचून ध्यानात येत नाही. पहिल्या सत्रात १४९१ ते १८७७ हे पाच कालखंड घेण्याची रूढी आहे. ९० दिवसांतून चाचण्या, सत्रपरीक्षा, लेखनाचा सराव व समारंभ वजा जाता ७५ दिवस हाती राहिले असे धरू. पहिले दोन कालखंड परीक्षेत हलके आहेत, त्यांना मिळून १६ दिवस. स्वातंत्र्ययुद्ध व राज्यघटना यांना २०, जेफरसन-जॅक्सन यांच्या काळाला २०, आणि १८४४ ते १८७७ या खंडाला उरलेले १९. कागदावर हे नेटके दिसते. प्रत्यक्षात वसाहतींच्या गोष्टी रंगतात आणि घटनासमितीवरील वादविवाद दोन दिवस अधिक खातो. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण येतो. दक्षिणेतील बऱ्याच शाळा ऑगस्टच्या आरंभी उघडतात, न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर उजाडतो. परीक्षा मात्र दोघांना एकाच दिवशी, त्यामुळे उत्तरेकडील शिक्षकाचा जीव अधिकच टांगणीला लागतो. मग मेक्सिकोचे युद्ध, लिंकनची निवडणूक, यादवी युद्धाची चार वर्षे हे सारे धावतपळत उरकते आणि १८६५ ते १८७७ हा पुनर्रचनेचा काळ नाताळपूर्वीच्या दोन तासांत येतो. मुलांचे लक्ष तेव्हा खिडकीबाहेर असते.

पण त्या बारा वर्षांत काय नव्हते? १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट केली. त्याच वर्षी मिसिसिपी राज्याने कायदा केला की, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाने दर जानेवारीत आपल्याला घर व काम असल्याचा लेखी पुरावा दाखवावा. पुरावा नसेल तर तो भटक्या ठरे. दंड भरता आला नाही तर दंड भरणाऱ्या मालकाकडे त्याला राबावयास धाडीत. जुनी बेडी नव्या कुलपाने पुन्हा चढविण्याचाच हा प्रकार होता. त्याला उत्तर म्हणून १८६८ ची चौदावी दुरुस्ती आली. त्या भूमीवर जन्मलेला तो नागरिक, आणि प्रत्येकाला कायद्याचे समान संरक्षण, हे तिचे सूत्र. भारतीय राज्यघटनेच्या १४ व्या अनुच्छेदात त्याच शब्दांचा प्रतिध्वनी ऐकू येतो. १८७० मध्ये पंधराव्या दुरुस्तीने मताधिकारात वर्णाचा अडसर घालण्यास मनाई केली आणि त्याच वर्षी हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटसदस्य मिसिसिपीहूनच आले. पुढे १८७६ ची अध्यक्षीय निवडणूक वादात सापडली, हेज यांना १८५ विरुद्ध १८४ अशा एका मताने अध्यक्षपद मिळाले, दक्षिणेतील राजधान्यांवरील उरलेसुरले लष्करी संरक्षण निघाले, आणि ही सर्व वचने दीर्घकाळ कागदावर राहिली.

मराठी वाचकाला हा काळ परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती संयुक्त संस्थानांतील सदाचारी लोकांना, त्यांनी दास्यमुक्तीसाठी केलेल्या त्यागाबद्दल अर्पण करून. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लुइझियाना राज्यात कोलफॅक्स येथे सशस्त्र गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली होती. एक कृतज्ञता आणि एक रक्तपात, दोन्ही एकाच वर्षातली.

या काळाची कथा शाळांतून कशी सांगितली गेली, हाही एक इतिहासच आहे. कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग व त्यांचे शिष्य यांनी पुनर्रचना म्हणजे भ्रष्टाचार व अनागोंदी, असे चित्र रंगविले आणि ते पाठ्यपुस्तकांत मुरले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर याच विद्यापीठात शिकावयास गेले, तेव्हा डनिंग तेथे अध्यापक होते. त्या चित्राला सडेतोड उत्तर दिले डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी, १९३५ च्या आपल्या ग्रंथात. त्याच्या शेवटच्या प्रकरणात त्यांनी शालेय पुस्तकांचीच झडती घेतली. १९४६ मध्ये आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांपुढील अर्जाविषयी विचारणा केली होती.

तेव्हा शहाणा शिक्षक हे सत्र उलट्या बाजूने आखतो. प्रथम शेवटचे सात दिवस पुनर्रचनेसाठी राखून त्यांवर रेघ ओढावयाची आणि मग मागे मागे येत काटछाट करावयाची. तेरा वसाहती एकेक करून सांगण्याऐवजी व्हर्जिनिया व मॅसॅच्युसेट्स या दोहोंची तुलना पुरते. फिलमोर, पिअर्स, ब्यूकॅनन यांची चरित्रे सोडावीत. १८५० चा पळालेल्या गुलामांविषयीचा कायदा, १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणि १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल वाचला की त्या दशकाची दिशा कळते. लढायांच्या याद्या घरच्या वाचनावर सोपविता येतात. गेटिसबर्ग व व्हिक्सबर्ग यांना मिळून एक तास द्यावा. ज्याला सेनापतींचे प्रेम आहे अशा शिक्षकाला हा त्याग जड जातो, आणि वर्गातील काही मुलेही रुसतात.

राखलेल्या सात दिवसांत व्याख्याने थोडी असावीत. एके दिवशी मिसिसिपीचा कायदा, दुसऱ्या दिवशी चौदावी दुरुस्ती, मग एखाद्या बटाईदाराचा करारनामा, सिनेटमधले एखादे भाषण, आणि डनिंगपंथी पाठ्यपुस्तकाचे पान ड्यू बॉइस यांच्या पानाशेजारी ठेवून. सत्रपरीक्षेतील साधनाधिष्ठित प्रश्न याच भागावर द्यावा, म्हणजे सुट्टीच्या तोंडावरही मुले मन लावून वाचतील. या वह्या नाताळनंतर फेकून देऊ नयेत, अशी ताकीद मात्र द्यावी लागते. दुसऱ्या सत्रात रेल्वे, पोलाद व शहरे यांच्या गर्दीतून वर्ग १८९६ सालापर्यंत पोहोचतो. रेल्वेत वर्णानुसार वेगळे डबे ठेवण्यास मान्यता देणारा प्लेसी खटल्याचा निकाल समोर येतो, आणि तेव्हा चौदाव्या दुरुस्तीचे शब्द नेमके काय होते, हे पाहण्यासाठी मुलांना डिसेंबरची वही उघडावी लागते.