स्थानबद्धाच्या हातातला कागद

(विहाराच्या वर्धापनदिनी जव्हार येथे केलेले भाषण)



मी वकील नाही, गिरणी कामगार आहे. कायदा वाचला तो रात्रपाळी करून आल्यावर. आज बोलायचंय ते स्थानबद्धतेबद्दल.

अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, वकील देता येतो. स्थानबद्धाला यातलं काही नाही. त्याने गुन्हा केला म्हणून नव्हे, पुढे करील म्हणून त्याला आत टाकतात. ही सूट घटनेच्या कलम २२ मध्येच आहे. पोरं मला विचारतात, बाबासाहेबांनी हे कसं चालू दिलं? तर घटना समितीत स्वातंत्र्याच्या कलमातून 'ड्यू प्रोसेस' हे शब्द आधीच गेले होते. ती उणीव थोडी तरी भरून निघावी म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी नवं कलम मांडलं, तेच पुढे २२ झालं. कारणं कळवा, निवेदन करू द्या, तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचं तर सल्लागार मंडळाला विचारा. एवढंच हाती लागलं. ते तीन महिने दोन करण्याची दुरुस्ती १९७८ साली संसदेने मंजूर केली, ती आजतागायत अंमलात आलेली नाही!

याची झळ आपल्याच भागाला लागली. कॉम्रेड शामराव परुळेकर १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधानसभेत गेले होते. पुढे ते आणि गोदूताई वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. १९५१ साली त्यांना स्थानबद्ध केलं. कायद्याची मुदत वाढली, तिच्याबरोबर कैदही लांबली. त्याविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले. 'विरुद्ध जिल्हा दंडाधिकारी, ठाणे' असा तो १९५२ चा खटला. तेव्हा जव्हार-मोखाडा ठाण्यातच होते, पालघर जिल्हा झाला २०१४ साली. न्यायालयाने त्यांचा मुद्दा मानला नाही.

पण दहा वर्षांनी एक खटला जिंकला गेला. नागपूरच्या हरिकिसन यांना कारणं इंग्रजीत दिली. त्यांनी हिंदीत मागितली. पोलीस अधिकाऱ्याने वाचून समजावली, बास झालं, असं सरकारचं म्हणणं. १९६२ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बास नाही. माणसाला कळेल त्या भाषेत, वाचता येईल त्या लिपीत कागद हवा. गिरणीत इंग्रजी नोटीस लागली की आम्ही कारकुनामागे धावायचो, तो सांगेल ते खरं. म्हणून हा निकाल मला फार जवळचा वाटतो. आणि जो वारली किंवा कातकरी मराठीही धड वाचत नाही, त्याच्या अंगठ्याखाली काय लिहिलंय?

आपल्याकडे जास्त वापरतात तो १९८१ चा कायदा, लोक त्याला झोपडपट्टीदादा कायदा म्हणतात. त्यात हातभट्टीवालाही येतो. मोहाची दारू गाळणाऱ्या पाड्यांनी हे ऐकून ठेवावं. वर्षभर आत ठेवता येतं. पण कारणं पाच दिवसांत द्यावी लागतात. बारा दिवसांत राज्य सरकारची मंजुरी लागते, आणि ती येईपर्यंत हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याकडेच निवेदन करता येतं. हा हक्क स्थानबद्धाला सांगितलाच नाही तर हुकूम टिकत नाही, असा २००० सालचा निकाल आहे. तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे जावं लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीच्या हातभट्टीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धता रद्द केली. दारूच्या केसेस नोंदल्या म्हणून सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली असं होत नाही, असं सांगितलं.

मंडळापुढे वकील हक्काने मागता येत नाही. मात्र १९८२ च्या ए. के. रॉय खटल्याप्रमाणे, वकील नसलेल्या मित्राची मदत घेता येते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. वकील नसलेला, पण वाचता येणारा मित्र! तो तर या विहारात संध्याकाळी अभ्यासाला बसणारा कुठलाही पोरगा असू शकतो.

तेव्हा कोणाला नेलं तर घरच्यांनी पहिलं विचारावं, अटक की स्थानबद्ध? कागद हाती पडला ती तारीख लिहून ठेवा. सही मागितली तर तारखेसह करा, आणि भाषा कळत नसेल तर तसं तिथंच लिहा. लिहिता येत नसेल तर रात्री कितीही वाजता विहारात या, लिहून देणारा आम्ही बसवून ठेवू.

जय भीम, जय भारत.