धार ओळखणारे डोळे

(‘खेळ आणि बाया’ या विषयावरच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पत्रिकेतला माझा विषय वाचून सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी मला विचारलंच, की कबड्डी, खो-खो, कुस्ती सोडून ही बर्फावरची घसरगुंडी कुठून काढलीस? प्रश्न रास्त आहे. आपल्यातल्या बहुतेकींनी फिगर स्केटिंग पाहिलं असेल ते टीव्हीवरच, तेही ऑलिंपिकच्या दिवसांत. चमचमते कपडे, संगीत, गिरक्या, आणि शेवटी बाकावर बसून गुणांची वाट पाहणारी एक घाबरलेली मुलगी. मीही बर्फावर कधी पाय ठेवलेला नाही. पण बाईच्या कौशल्याचं मोल कोण ठरवतं, हा आपला नेहमीचा प्रश्न या खेळात फार उघडपणे दिसतो, म्हणून तो निवडला.

या खेळात दोन प्रकारची मतं असतात. एक टेबलामागे बसलेल्या परीक्षकांचं. ते आकड्यांत येतं आणि पदक ठरवतं. दुसरं, स्वतः स्केटिंग करणाऱ्यांचं. ते कुठेच छापून येत नाही. पण त्या जगात काहीजणी ‘स्केटरांची स्केटर’ म्हणून ओळखल्या जातात. तिचा सराव चालू असला की बाकीच्या आपला सराव थांबवून कठड्याशी उभ्या राहतात. ती पदकांच्या यादीत सर्वात वर असेलच असं नाही. मग या बायांना तिच्यात नेमकं काय दिसतं?

भाकरी थापणाऱ्या बाईला दुसरीची भाकरी फुगण्याआधीच कळते. पीठ कसं मळलंय, हात कसा फिरतोय, यावरून. जेवणाऱ्याला फक्त फुगलेली भाकरी दिसते. इथेही तसंच आहे. आपण उड्या मोजतो, कोण पडलं ते पाहतो. स्केटर पाहते ती पायाखाली.

बुटाच्या तळाशी जे पोलादी पातं असतं ते साधारण चार मिलिमीटर रुंद असतं आणि त्याच्या मधोमध लांबीभर खोबण असते. त्यामुळे एकाच पात्याला दोन धारा होतात, आतली आणि बाहेरची. सगळं स्केटिंग म्हणजे या धारांवर अंग कलतं करून तोल राखणं. जी कच्ची असते ती दोन्ही धारांवर सपाट उभी राहते, वेग घ्यायला सारखे पाय टाकते, पात्याचं दातेरी टोक बर्फात रुतवते, आणि बर्फ करकरतो. जी पक्की असते ती गुडघा खोल वाकवते, एका धारेवर अंग झुकवते आणि दोन-चार ढकलण्यांत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला जाते. आवाज जवळजवळ नाही. उडी मारण्याआधी जो वेग होता तोच उडीनंतर टिकतो. जमिनीवर आल्यावर ती थबकत नाही, मागे मागे वाहत जाते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात उडीला, स्केटर मान डोलावते ती उतरण्याला आणि उड्यांच्या मधल्या जागेला. ज्या जागेत काहीच घडत नाही असं आपल्याला वाटतं, तिथे सगळ्यात जास्त कसब असतं.

याचं सर्वात ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेची जॅनेट लिन. १९६९ ते १९७३ अशी सलग पाच वर्षं ती अमेरिकेची विजेती होती. जग मात्र तिने एकदाही जिंकलं नाही, ऑलिंपिकही नाही. तरी स्केटर मंडळी आजही तिचं नाव वेगळ्याच आवाजात घेतात. डिक बटनसारखा दोनदा ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेला आणि पुढे समालोचक झालेला माणूस तिचं कौतुक करताना थकत नसे.

ती का हरत होती, हे समजून घ्यायला त्या वेळचे नियम पाहावे लागतात. तेव्हा निम्मे गुण ‘आकृत्यां’ना होते. संगीत नाही, उड्या नाहीत. रिकाम्या बर्फावर एका पायाने इंग्रजी आठाच्या आकाराची वर्तुळं काढायची, आणि तीच रेघ पुन्हा पुन्हा गिरवायची. स्केटर बाजूला झाली की परीक्षक वाकून, प्रसंगी गुडघे टेकून, रेघा तपासत. हे काम तासन्‌तास चाले आणि पाहायला कुणी फिरकत नसे. ऑस्ट्रियाची बेआट्रिक्स शुबा या आकृत्यांची सम्राज्ञी होती. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये तिने आकृत्यांत इतकी आघाडी घेतली की मुक्त स्केटिंगमध्ये सातवी येऊनही सुवर्णपदक तिचंच झालं. मुक्त स्केटिंगमध्ये पहिली आली होती जॅनेट लिन. तिला कांस्य मिळालं. त्या दिवशी एका बैठ्या गिरकीत ती चक्क आपटली, हसत उठली आणि पुढे वाहू लागली. तरीही कलात्मकतेसाठी तिला सहापैकी सहा गुणही पडले. जपानी प्रेक्षकांनी तर तिला डोक्यावर घेतलं.

टीव्हीवर हे पाहणाऱ्यांना कळेना की सातवी आलेली बाई जिंकली कशी. टीव्हीवाल्यांना आकृत्या दाखवण्यात रस नव्हता. नियम बदलले. १९७३ पासून आकृत्यांचा वाटा चाळीस टक्क्यांवर आला आणि ठरलेल्या उड्या-गिरक्यांचा एक छोटा कार्यक्रम नव्याने घातला गेला. लिनसारखीला फायदा व्हावा असाच हा बदल. आणि नेमकी त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत, त्या नव्या छोट्या कार्यक्रमात, लिन दोनदा पडली! मुक्त स्केटिंग जिंकूनही रौप्यावर थांबली. त्याच वर्षी तिने बर्फावरच्या नृत्यप्रयोगांसाठी तीन वर्षांचा १४ लाख ५५ हजार डॉलरचा करार केला, आणि ती त्या वेळची जगातली सर्वाधिक कमावती महिला खेळाडू ठरली. पण दम्याने गाठलं आणि १९७५ मध्ये तिला थांबावं लागलं.

ही गोष्ट बहुधा ‘बिचारी लिन आणि रुक्ष शुबा’ अशी सांगितली जाते. मला ती तशी सांगवत नाही. शुबाचं काम हेही बाईचं काम होतं; एकटीने, न दिसणारं, रेघेवर रेघ. आणि लिनच्या ज्या धारांवर सगळे भाळले त्या धारा घडल्या कुठे? त्याच आकृत्यांच्या सरावात. पहाटेच्या थंडीत गिरवलेली ती वर्तुळं म्हणजे तिच्या नाचाखालचं जोतं होतं. १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून आकृत्या पूर्ण गेल्या. दाखवता येत नाही ते काम बाद झालं. हे आपल्याला नवीन नाही.

नियम कोण करतं, याचाही एक किस्सा सांगते. १९०२ च्या जागतिक स्पर्धेच्या नियमांत ‘फक्त पुरुष’ असं लिहायचं राहून गेलं होतं, म्हणजे कुणाला तसं लिहिण्याची गरजच वाटली नव्हती. इंग्लंडच्या मॅज सायर्सने नाव दिलं आणि पुरुषांमध्ये दुसरी आली. पहिला होता स्वीडनचा उलरिक साल्को, ज्याच्या नावाची उडी आजही मारली जाते. त्याने आपलं सुवर्णपदक तिच्यापुढे केलं असं सांगतात. सोबत खेळणाऱ्याने दाद दिली; संघटनेने मात्र पुढच्याच वर्षी बायांना बंदी केली. कारणं काय, तर लांब झग्यात पाय दिसत नाहीत, आणि परीक्षकाचं एखाद्या मुलीवर मन बसलेलं असू शकतं! बायांची वेगळी स्पर्धा १९०६ मध्ये सुरू झाली आणि ती सायर्सनेच जिंकली. कपड्यांचं प्रकरण पुढेही संपलं नाही. १९८८ नंतर बायांना स्कर्टची सक्ती झाली, ती २००४ मध्ये उठली. आधी पाय झाकले म्हणून हरकत, नंतर पाय कसे दिसावेत याचा नियम. स्पर्धेच्या नावातला ‘लेडीज’ जाऊन ‘विमेन’ यायला २०२१ उजाडलं.

आता या सहकाऱ्यांच्या नजरेचीही एक अडचण आहे, ती झाकून ठेवणं बरं नाही. १९९४ ची जागतिक स्पर्धा जपानमध्ये झाली. युका सातो पहिली आली, फ्रान्सची सुर्या बोनाली दुसरी; फरक एका परीक्षकाच्या मताचा. सातो ही अस्सल स्केटरांची स्केटर. तिची पावलं पाहिली तर वाटतं, बर्फच तिला वाहून नेतोय. बोनाली ताकदीची, उंच उड्यांची, पाच वेळा युरोप जिंकलेली. तिने गळ्यातलं पदक काढलं आणि रडत उभी राहिली. दोन उड्यांच्या मधलं तिचं स्केटिंग सातोइतकं सफाईदार नव्हतं, हे मलाही दिसतं. पण बोनाली काळी होती. ‘नाजूकपणा नाही’, ‘कसरतपटू आहे’ हे तिच्याबद्दल वर्षानुवर्षं बोललं गेलं, त्यातलं किती धारेविषयी होतं आणि किती कातडीविषयी? दोन्ही एकाच वाक्यात बेमालूम मिसळून जातात, तीच खरी पंचाईत. १९९८ मध्ये नागानो ऑलिंपिकमध्ये, जखमी असताना, तिने स्पर्धेत बंदी असलेली उलटी कोलांटी मारली आणि एका पायावर उतरली. दहावी आली. ती बंदी २०२४ मध्ये उठली आहे.

२००४ नंतरच्या गुणपद्धतीत ‘स्केटिंगचं कौशल्य’ या नावाने धार आणि वेग यांना वेगळे गुण मिळू लागले, म्हणजे सहकाऱ्यांची नजर थोडी तरी कागदावर आली. तरी मधली काही वर्षं चार-चार फेऱ्यांच्या उड्या मारणाऱ्या कोवळ्या, हाडकुळ्या मुलींची होती. १५ वर्षांची मुलगी चढायची आणि १८ व्या वर्षी संपायची. २०२२ मध्ये किमान वय १७ करण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षापासून जपानची काओरी साकामोतो सलग तीन वेळा जगज्जेती झाली, कर्त्या बाईच्या अंगाने, अवघड चौपट उड्यांशिवाय, निव्वळ वेगाने आणि धारेने. एरवी साधी समजली जाणारी दुहेरी ॲक्सेल ती अशी मारते की बर्फावरचं अंतर पाहून डोळे विस्फारतात.

आपल्या कामाकडे येते. समुपदेशन केंद्राच्या अहवालाच्या तक्त्यात रकाने असतात: तक्रारी किती आल्या, किती मिटल्या. आमच्याकडे एक ताई आहेत, ज्यांच्या शेजारी बसून काम शिकावं असं प्रत्येक नव्या मुलीला वाटतं. नवरा, सासू आणि ती बाई एकत्र बसणार असतील तर त्या खुर्च्या अशा मांडतात की बाई दाराजवळ बसेल. ती गप्प झाली तर त्या प्रश्न विचारत नाहीत, पेन खाली ठेवतात. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात मला मुलाखतीची तंत्रं शिकवली होती. पेन कधी खाली ठेवायचं हे ताईंकडे पाहून कळलं. याला रकाना नाही. निधी देणाऱ्यांकडे तो मागायचा की नाही यावर दुपारच्या गटचर्चेत बोलूच. मला वाटतं मागावा.

पण बोनालीही विसरू नका. वस्तीतून आलेली नवी कार्यकर्ती बैठकीत मोठ्याने बोलली की आपण म्हणतो, ‘तळमळ आहे, पण पद्धत नाही.’ तिची धार खरंच कच्ची आहे, की तिचा आवाज आपल्या घरातल्यासारखा नाही, हे म्हणणारीने त्याच वेळी सांगायला हवं.

आता पडद्यावर साप्पोरोचं चित्रण लावते. चार मिनिटांचं आहे. लिन पडते ती जागा सगळ्यांना दिसेलच. दुसऱ्या वेळी लावेन तेव्हा चेहरा आणि हात सोडून द्या, फक्त पाय पाहा, आणि ती उठल्यावर किती ढकलण्यांत पूर्वीच्या वेगाला पोचते ते मोजा. मागच्या बाजूच्या कुणीतरी खिडक्या लावता का?