'महल'मधली कामिनी आणि माळ्याची लेक



आपल्या जिल्ह्यात पडक्या वाड्यांना तोटा नाही. 1993 च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागातली कितीतरी गावं नव्या जागेवर गेली आणि जुन्या गावठाणात पडक्या भिंती तेवढ्या उरल्या. अशा वाड्याची काही ना काही गोष्ट असतेच, आणि त्या गोष्टीत बहुतेक वेळा बाईच असते. पांढरं लुगडं, मोकळे केस, मध्यरात्रीची वेळ. बाप्याचं भूत आपण फारसं ऐकत नाही. असं का, ते आज एका जुन्या सिनेमाच्या निमित्तानं बोलूया.

सिनेमा हिंदी आहे, नाव 'महल'. मुंबईत मालाडला बॉम्बे टॉकीज ही कंपनी होती, तिनं तो 1949 साली काढला. म्हणजे आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला, त्याच्या पुढच्याच वर्षी. कमाल अमरोही यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच सिनेमा. नायक अशोक कुमार, नायिका मधुबाला. मधुबालाचं वय तेव्हा अवघं 16 वर्षांचं.

गोष्ट अशी. पावसाच्या रात्री महालाचा नवा मालक शंकर तिथं येतो. म्हातारा माळी त्याला सांगतो, की हा महाल एका माणसानं कामिनी नावाच्या बाईसाठी बांधला होता. तो रोज मध्यरात्री यायचा, पहाटे जायचा. एका रात्री त्याची नाव बुडाली. मी परत येईन, असं सांगून तो गेला, आणि मागोमाग कामिनीही गेली. शंकर आत जाऊन बघतो, तर भिंतीवरच्या तसबिरीतला चेहरा हुबेहूब त्याचाच! तेवढ्यात कुठून तरी गाणं ऐकू येतं.

आता या सिनेमात चांगलं काय ते आधी सांगते. रक्त नाही, किंचाळणं नाही, तरी अंगावर काटा येतो. हलता झोपाळा, दोनचे ठोके देणारं घड्याळ, आणि अंधार-उजेडाचा खेळ. हा खेळ जोसेफ वर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराचा. आणि 'आएगा आनेवाला' हे गाणं तर आपल्या आज्यांनाही पाठ होतं. संगीत खेमचंद प्रकाश यांचं, आवाज 20 वर्षांच्या लता मंगेशकरांचा. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटावं, म्हणून लताबाईंनी माइकपासून दूर उभं राहून सुरुवात केली आणि गात गात एकेक पाऊल पुढं आल्या, असं त्यांनीच सांगितलेलं आहे.

पण त्या गाण्याच्या तबकडीवर लताबाईंचं नाव नव्हतं. गाणारीचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या भुताचं! मग श्रोत्यांनी रेडिओला पत्रांवर पत्रं पाठवली, ही गाणारी बाई कोण? रेडिओवाल्यांनी कंपनीकडून नाव मिळवलं आणि ते लोकांना सांगितलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी मला तिच्याकडंच यायचंय.

सिनेमातली सर्वांत मोठी चांगली गोष्ट म्हणजे, शेवटी कळतं की भूत नाहीच. कामिनी म्हणून फिरणारी, गाणारी, ही माळ्याची लेक आशा. रिकाम्या महालात ती वाढली, कामिनीची गोष्ट ऐकत मोठी झाली आणि तसबिरीतल्या माणसावर जीव लावून बसली. माळ्याची पोर म्हणून मालकानं तिच्याकडं ढुंकूनही बघितलं नसतं. कामिनी झाली, तेव्हा तो घरदार विसरून तिच्या मागं लागला.

आता उणं काय ते बघू. उत्तरार्ध फार रेंगाळतो. भूत नाही म्हणायचं आणि शंकरचा चेहरा तसबिरीत कसा आला ते मात्र सांगायचं नाही, असा दोन्ही दगडांवर पाय आहे. पण मला सगळ्यांत जास्त खटकलं ते बायकांच्या बाबतीतलं. शंकर घरच्यांच्या म्हणण्यावरून रंजनाशी लग्न करतो, तिला दूर ओसाड जागी नेऊन ठेवतो आणि तिच्याकडं बघतही नाही. ती शेवटी जीव देते आणि मरताना आळ नवऱ्यावर घालते. एवढं दुःख, पण सिनेमाला ते कोर्टातल्या खटल्यापुरतंच हवं असतं. आशाचंही तेच. 'माझ्या मित्राशी लग्न कर' असं शंकर सुचवतो आणि तसं होतं. तिला काय हवं होतं? शेवटचे अश्रू आपण शंकरसाठी ढाळायचे, अशीच सगळी मांडणी आहे.

मैत्रिणींनो, हे सिनेमापुरतंच असतं तर मी एवढं बोलले नसते. आपल्याकडं एखादी सून जेवत नाही, झोपत नाही, एकटीच पुटपुटते. लगेच म्हणतात, बाहेरचं आहे. देवऋषी बोलावतात. बाहेरचं काय ते सगळे शोधतात, घरातलं काय आहे ते कुणी विचारत नाही.

भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, दंड वेगळा. आपली पूजाअर्चा, आई तुळजाभवानीची वारी याच्या आड हा कायदा येत नाही. असं काही दिसलं तर पोलीस ठाण्यात कळवा. आणि कुणाचं मन थाऱ्यावर नसेल, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 वर फोन लावा. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, आपल्या मराठीत बोलता येतं. पण त्याच्याही आधी तिच्याजवळ बसा. तिला एकटं सोडू नका.

'महल' मोबाइलवर बघायला मिळतो. गटाची बैठक झाल्यावर मिळून बघा. गाण्याला दाद द्या, घाबरा, हसा. आणि मग एकमेकींना विचारा, आपल्या गावात कुणाला 'झपाटलेली' म्हणतात? तिचं म्हणणं कुणी ऐकून घेतलंय का? तबकडीवर भुताचं नाव होतं, तरी श्रोत्यांनी खऱ्या बाईचं नाव विचारलंच ना! तेवढं आपणही विचारू शकतो.