वसई आणि समुद्राची वाट

वसईच्या किल्ल्याला दोन दरवाजे आहेत. एक जमिनीकडे, दुसरा बंदराकडे. पोर्तुगीजांचा दोनशें पांच वर्षांचा अंमल या दुसऱ्या दरवाजानें आला.

लिस्बनहून जहाजें मार्च-एप्रिलांत सुटत. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून, नैर्ऋत्येचा वारा शिडांत भरून घेत, तीं सप्टेंबरच्या सुमारास गोव्यास पोंचत. परतण्यासाठीं ईशान्येचा वारा सुटेपर्यंत थांबावें लागे. पत्राचें उत्तर यावयास दीड वर्षाहून अधिक काळ लोटे. राजा लिस्बनला असला, तरी कारभार वाऱ्याच्या पंचांगावर चाले.

२३ डिसेंबर १५३४ रोजीं हुमायूनच्या धास्तीनें गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें तह करून वसई पोर्तुगीजांस दिली. त्या तहांतील एक कलम बोलकें आहे. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराथी जहाजांनीं वसईस येऊन परवाना घ्यावा व परततांना तेथेंच जकात भरावी, असें त्यांत ठरलें. मराठींत शेताचा नांगर आणि जहाजाचा नांगर या दोहोंस शब्द एकच. पोर्तुगीजांनीं प्रथम जहाजाचा नांगर टाकला. शेताच्या नांगराचें उत्पन्न मागाहून घेतलें.

इतक्या लांबच्या प्रवासास माणसें थोडीं निघत, स्त्रिया तर फारच थोड्या. त्यामुळें येथें स्थायिक झालेल्या अनेक शिपायांनीं येथल्याच स्त्रियांशीं विवाह केले. ठराविक खंड भरावा व प्रसंगीं घोड्यानिशीं चाकरी करावी, या अटीवर त्यांस गांवें मिळालीं. जमीन मात्र येथल्याच रयतेनें कसली. आगाशीचीं जहाजें येथल्याच सुतारांनीं बांधलीं. वसईचा दगड गोव्यांतील चर्चच्या बांधकामासाठीं समुद्रमार्गें गेला.

समुद्रावर सारी भिस्त ठेवणाऱ्या या सत्तेचें मर्म मराठ्यांनीं ओळखलें. १७३७ सालीं ठाणें व साष्टी त्यांनीं घेतलीं, तेव्हां वसईची पाठ उघडी पडली. १७३९ च्या आरंभीं चिमाजी अप्पांनीं किल्ल्यास निकराचा वेढा घातला. त्याच वेळीं दुसरी मराठी फौज गोव्याच्या मुलुखांत शिरल्यामुळें तेथून पुरेशी कुमक येईना. सुरुंगांनीं बुरूज ढासळले आणि मे महिन्यांत किल्ला शरण आला. शिबंदी मानानें बाहेर पडली, आणि जहाजांत बसून निघून गेली.

आलेले समुद्राच्या वाटेनें परतले. कसणारे मागें राहिले. त्यांतील ख्रिस्ती कुटुंबांनीं आपला धर्म राखला व मराठी बोलीही राखली. चावी, पगार आणि बटाटा हे शब्द तर पुढें सर्वच मराठी घरांत रुळले.